होकुसाईची १०३ न कोरलेली चित्रं

२०१९ साली पॅरिसमध्ये एक लाकडी पेटी पुन्हा लोकांसमोर आली. आत पोस्टकार्डाएवढी १०३ चित्रं, सगळी काळ्या शाईची. पेटीवर नाव होतं ‘बानमोत्सु एहोन दाइझेन झु’, म्हणजे ‘चराचरातल्या सर्व गोष्टींच्या महाचित्रग्रंथासाठीची चित्रं’. काढणारा जपानी चित्रकार कात्सुशिका होकुसाई. त्याआधी या चित्रांची शेवटची नोंद होती १९४८ मधली, पॅरिसच्याच एका लिलावातली. मधली ७० वर्षं ती कुणाच्या तरी घरात निवांत पडून होती. २०२० मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमनं ती विकत घेतली आणि ३० सप्टेंबर २०२१ ते ३० जानेवारी २०२२ या काळात सगळीच्या सगळी प्रदर्शनात मांडली.

‘होकुसाईची हरवलेली चित्रं सापडली’ अशा बातम्या तेव्हा जगभर आल्या, आणि आनंद होण्यासारखीच ती गोष्ट होती. मी मात्र या प्रकरणाकडे पुन्हा पुन्हा वळतो ते वेगळ्या कारणानं. ही चित्रं ज्या कामासाठी काढली होती ते काम पार पडलं असतं, तर त्यांतलं एकही आज शिल्लक नसतं. एदो शहरातल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, एखाद्या कारागिराच्या बोटांखाली त्यांचा लगदा झाला असता आणि लाकडाच्या भुश्शाबरोबर ती झाडून टाकली गेली असती. ती वाचली, कारण पुस्तक निघालंच नाही. छापलेल्या होकुसाईवर भरपूर लिहिलं गेलं आहे. न छापलेला होकुसाई कसा वाचायचा, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे असं मला वाटतं.

चित्राचं लाकूड होतं कसं

जपानी छापचित्रावर खाली चित्रकाराची सही असते आणि आपण ते त्याच्याच नावानं ओळखतो. प्रत्यक्षात चार जणांशिवाय ते पुरं होत नसे. पैसा घालणारा आणि काय विकलं जाईल हे ठरवणारा प्रकाशक, म्हणजे हानमोतो. चित्र काढणारा एशी. लाकूड कोरणारा होरिशी. आणि कागदावर छाप उठवणारा सुरिशी. चित्रकाराचं काम कागदावर संपायचं. लाकडाला त्याचा हात लागायचाच असं नाही.

आधी कच्चे आराखडे व्हायचे. त्यांना ‘गाको’ म्हणत. त्यात खाडाखोड असायची, तांबड्या शाईनं अंदाज घेतलेल्या रेषा असायच्या, हात एकदा इकडे तर एकदा तिकडे वळवलेला असायचा. मनासारखी मांडणी जमली की तीवर पातळ कागद ठेवून स्वच्छ, शेवटचं चित्र काढायचं. हे ‘हानशिता-ए’. शब्दशः अर्थ ‘ठशाखालचं चित्र’. त्यात रंग नसतो, छाया नसते, संदिग्ध काही नसतं. जी रेषा छापात हवी तेवढीच रेषा. चुकलं तर त्या जागेपुरता कागद कापून तिथे नवा तुकडा चिकटवायचा, कारण कोरणाऱ्यासमोर एका जागी दोन रेषा गेल्या तर तो खरी कुठली धरणार?

मग हा कागद होरिशीकडे जाई. त्याच्यापुढे डोंगरी चेरीची, ‘यामाझाकुरा’ची फळी. ही फळी खोडाच्या लांबीच्या दिशेनं कापलेली असते, म्हणजे लाकडाची शीर पृष्ठभागावर आडवी धावते. चेरी कठीण असते, पण तिची वीण एकसारखी असल्यामुळे केसासारखी रेषाही तुटत नाही. फळीला भाताची पातळ खळ लावायची आणि हानशिता तिच्यावर पालथं चिकटवायचं. चित्राचं तोंड लाकडाकडे, पाठ आपल्याकडे. पालथं अशासाठी, की ठशावर चित्र उलटं असलं तरच छापात सुलटं उमटतं. आपल्याकडे जुन्या छापखान्यात खिळे जुळवणारे लोक उलटी अक्षरं सुलट्यासारखी सरसर वाचायचे, ते आठवावं.

यानंतरची पायरी मला सगळ्यात विलक्षण वाटते. कागद सुकला की होरिशी बोटाच्या टोकानं हलके हलके घासून त्याच्या पाठीचे तंतू काढत जातो. कागद विरळ होतो. मग त्यावर थोडं तेल चोळलं की उरलेला पापुद्रा पारदर्शक होतो आणि शाईची प्रत्येक रेषा लाकडावरच ओढल्यासारखी स्पष्ट दिसू लागते. तिथून सुरी चालते. प्रत्येक रेषेच्या दोन्ही कडांनी काप घ्यायचा, म्हणजे एका रेषेला दोन काप. मधला भाग उभा राहतो, आजूबाजूचं लाकूड छिन्नीनं निघून जातं आणि त्याच्याबरोबर कागदही. उरलासुरला कागद धुऊन काढला की ठसा तयार, आणि चित्र संपलं.

ओतीव मूर्ती करताना आधी मेणाची मूर्ती घडवतात, तीवर मातीचा लेप चढवतात आणि भट्टीत मेण वितळून वाहून जातं. त्या रिकाम्या जागेत धातू शिरतो. हानशिता हे छापचित्रातलं मेण आहे. एखाद्या जुन्या मूर्तीची मेणाची प्रत आज कुणाला सापडली, तर त्याचा अर्थ एकच होईल: त्या साच्यात धातू कधी ओतलाच गेला नाही.

रंगीत चित्र असेल तर पुढे आणखी टप्पे येतात. काळ्या रेषांच्या ठशावरून काही प्रती काढून त्या चित्रकाराकडे पाठवायच्या. प्रत्येक रंगासाठी एक प्रत घेऊन, तो रंग कुठे यायचा ते त्यानं तांबड्या शाईनं दाखवायचं. त्या प्रतीही नव्या फळ्यांवर चिकटून कोरण्यात जायच्या. सगळे ठसे नेमके एकावर एक बसावेत म्हणून प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात आणि कडेला ‘केंतो’ नावाची खूण कोरलेली असे. आपल्या १०३ चित्रांच्या बाबतीत गाडी तिथवर पोचलीच नाही.

सुरी हातात धरलेला चित्रकार

होकुसाईचा जन्म १७६० चा. वयाच्या १८-१९ व्या वर्षी तो कात्सुकावा शुन्शोच्या चित्रशाळेत शिरला. त्याआधी किशोरवयात काही वर्षं तो स्वतः लाकूड कोरायला शिकत होता. हा तपशील त्याच्या प्रत्येक चरित्रात एका ओळीत उरकला जातो. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. त्याच्या हाताला सुरी माहीत होती. कुंचल्यानं अमुक वळण घेतलं तर सुरीला तिथे किती वेळा फळी फिरवावी लागेल, दोन रेषा किती जवळ आणल्या तर मधलं लाकूड तुटेल, हे त्याला दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती.

म्हणूनच तो कोरणाऱ्यांच्या बाबतीत विलक्षण चोखंदळ होता. सत्तरी उलटल्यावर, १८३६ च्या सुमाराला, त्यानं प्रकाशकांना लिहिलेली पत्रं प्रसिद्ध आहेत. एगावा तोमेकिची या होरिशीलाच काम द्या असा त्याचा आग्रह होता. तोमेकिचीनं ‘फुजीची शंभर दृश्यं’ या पुस्तकाचे ठसे कोरले होते आणि ते काम होकुसाईला मनापासून पटलं होतं. त्याच सुमाराला त्यानं चेहऱ्यांबद्दलही बजावलं आहे. मी जिथे खालची पापणी काढलेली नाही तिथे कोरणाऱ्यानं ती आपल्या मनानं घालू नये. नाकांच्या बाबतीतही तसंच. त्या काळी उतागावा घराण्याच्या चित्रकारांची चलती होती आणि कोरणाऱ्यांचे हात त्यांच्या पद्धतीच्या नाकांना सरावले होते. होकुसाईनं दोन्ही प्रकारची नाकं काढून दाखवली आणि हे माझं, ते मला नको, असं स्पष्ट कळवलं.

या पत्रांमुळे हानशिताकडे बघण्याची नजरच बदलते. चित्रकारानं सगळं सांगून झाल्यावरही कोरणाऱ्याचा हात मध्ये येतो, हे होकुसाईला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे छापलेल्या पुस्तकात आपण जी होकुसाईची रेषा म्हणून वाखाणतो ती दोन माणसांची रेषा असते. कधी ती सुरीमुळे अधिक धारदार झालेली असते, कधी थोडी बोथट. १०३ चित्रांत मात्र मध्ये कुणी नाही. पापणी नसेल तर ती नाही. नाक असेल तर ते त्यानंच काढलेलं.

निदान तसं मानायचा मोह होतो. त्याकडे पुढे येतोच.

पेटीत काय आहे

१०३ चित्रांचे विषय ढोबळमानानं तीन. एक, प्राचीन भारत आणि बौद्ध कथा. दोन, प्राचीन चीन आणि मानवी संस्कृतीचा आरंभ: कुठली गोष्ट पहिल्यांदा कुणी केली, शोध कसे लागले. तीन, निसर्ग आणि देशोदेशींची माणसं.

शेवटच्या गटात जास्वंदीपाशी एकमेकांकडे रोखून पाहणारी दोन मांजरं आहेत. पाणवनस्पतींच्या दाटीत पोहणारे आणि बुड्या मारणारे पाणपक्षी आहेत. ते चित्र पडद्यावर मोठं करून मी बराच वेळ पाहत बसलो होतो. पाण्याच्या वर असलेला पक्षी आणि पाण्याखाली गेलेला पक्षी यांत फरक दाखवायला हातात फक्त काळी रेषा. रंग नाही, पाण्याची छटा नाही. कुठली रेषा अखंड ठेवायची आणि कुठली गवतामागे तोडायची, एवढ्यावर सगळं पाणी उभं आहे. दुसऱ्या गटात चिनी पुराणकथेतला यी-दी लोकांना मद्य बनवायला लावतो आहे.

मराठी वाचक थबकेल तो पहिल्या गटापाशी. जपानी लोक भारताला ‘तेन्जिकु’ म्हणत. होकुसाईच्या हयातीत जपानी माणसाला देशाबाहेर जायची मुभाच नव्हती. १६३५ पासून तोकुगावा राजवटीनं ती बंदी घातली होती. युरोपशी व्यापार फक्त डचांमार्फत, नागासाकीच्या देजिमा बेटावरून. होकुसाईचा भारत म्हणजे चिनी भाषांतरांतून जपानात पोचलेली बौद्ध सूत्रं, त्यांवर रचलेल्या कथा आणि रंगभूमी. त्या वाटेनं प्रवास करून आलेली माणसं आपल्याला ओळखायची तर जरा थांबून ओळखावी लागतात.

‘दाइबादात्ता’ म्हणजे आपला देवदत्त, बुद्धाचा चुलतभाऊ आणि वैरी. ‘रुरी-ओ’ म्हणजे विरूढक, कोसलचा राजा, ज्यानं शाक्यांचा संहार केला. महाराष्ट्रात बौद्ध घरांमध्ये आणि धम्माच्या अभ्यासवर्गांत ही नावं आजही घेतली जातात, त्यामुळे ती जुन्या एदोतल्या कागदावर भेटली की मन हलतं. आणखी एका चित्रात फुमेई चोजा आणि नऊ शेपट्यांची कोल्ही आहे. हा फुमेई चोजा काबुकी आणि बाहुल्यांच्या नाटकांतलं पात्र. ती कोल्ही भारत, चीन आणि जपान अशा तीन देशांत सुंदर स्त्रीचं रूप घेऊन राजांना नादी लावते, अशी ती कथा. भारतात ती ज्या राजपुत्राला मोहात पाडते त्याचं जपानी नाव हान्झोकु, अर्थ ‘ठिपक्यांच्या पायांचा’. म्हणजे महाभारतातला कल्माषपाद! नाव शब्दशः भाषांतर होऊन गेलं आणि गोष्ट मात्र वाटेत पार बदलली.

इथे थोडं आडवळण. होकुसाईनंतर काही दशकांनी जपानचं दार उघडलं आणि जपानी चित्रकारांना खरा भारत पाहता आला. अराई काम्पो नावाचा चित्रकार १९१७-१८ च्या हिवाळ्यात अजिंठ्याला येऊन राहिला आणि लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करून जपानला घेऊन गेला. १९२३ च्या कांतो भूकंपानंतरच्या आगीत त्या नकला टोकियोत जळाल्या. पुस्तकातल्या तेन्जिकुची चित्रं वाचली आणि डोळ्यांनी पाहून काढलेली गेली, हे मला कधी आठवलं की चुटपुट लागते.

तारीख कुठली धरायची

म्युझियमनं २०२० मध्ये जाहीर केलं तेव्हा ही चित्रं १८२९ ची म्हणून सांगितली गेली. पुढे प्रदर्शनात १८२० ते १८४० ची दशकं अशी सैल चौकट धरली. मला ही सावधगिरी योग्य वाटते. तरी १८२९ च्या आसपासचा काळ महत्त्वाचा का, हे समजून घ्यायला हवं.

१८२० च्या दशकाचा उत्तरार्ध होकुसाईसाठी फार कठीण गेला. त्याला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. १८२८ मध्ये दुसरी बायको वारली. नातू जुगारी निघाला, त्याची देणी म्हाताऱ्याच्या डोक्यावर आली. ‘फुजीची ३६ दृश्यं’ ही मालिका १८३० नंतरची, आणि त्यातलं ‘महालाट’ हे जगप्रसिद्ध चित्र साधारण १८३१ चं. त्यामुळे फुजीच्या आधीची काही वर्षं म्हणजे हाताला काम नसलेली, मरगळलेली वर्षं, असं चित्र अभ्यासकांच्या मनात तयार झालं होतं. ही १०३ चित्रं त्या काळात किंवा त्याच्या जवळपास बसतात. ती बसली की मरगळीचं चित्र टिकत नाही. बायको गेलेली, हात एकदा लुळा पडून सावरलेला, डोक्यावर कर्ज, आणि हा माणूस जगातल्या सगळ्या गोष्टींचं पुस्तक काढायला बसला होता.

त्याच्या स्वभावाला ते धरूनही होतं. ‘होकुसाई मांगा’चा पहिला भाग १८१४ मध्ये निघाला होता आणि पुढे त्याचे १५ भाग झाले, शेवटचा तर त्याच्या मृत्यूनंतर, १८७८ मध्ये. मांगा हे तुकड्यातुकड्यांचं भांडार आहे: एका पानावर कुस्तीगीर, दुसऱ्यावर बेडूक. महाचित्रग्रंथात मात्र प्रत्येक चित्राला चौकट आहे, मथळा आहे, आणि बहुतेक वेळा एक प्रसंग आहे. मांगा चाळायला आहे. हे पुस्तक वाचायला झालं असतं.

हात कुणाचा

आता तो टाळलेला प्रश्न. शेवटचं स्वच्छ हानशिता दर वेळी चित्रकार स्वतःच काढायचा असं नव्हतं. कच्चा आराखडा त्याचा, आणि त्यावरून स्वच्छ प्रत करणारा शिष्य किंवा खास त्याच कामाचा नकलनवीस, ही सर्रास चालणारी पद्धत होती. होकुसाईकडे शिष्यांची कमतरता नव्हती. शिवाय त्याची मुलगी ओई उत्तरायुष्यात त्याच्याबरोबर राहून काम करत होती, आणि ती स्वतः फार ताकदीची चित्रकर्ती होती. मग या १०३ चित्रांतला कुंचला कुणाच्या बोटांत होता?

ब्रिटिश म्युझियमचे टिमोथी क्लार्क होकुसाईचे मुरलेले अभ्यासक. त्यांचा कौल होकुसाईच्याच बाजूनं पडला, आणि अशा निवाड्यात रेषेची जात हाच मुख्य पुरावा असतो. नकलनवीसाची रेषा सारख्या वेगानं जाते. तो समोरची रेषा पाहून ती पुन्हा ओढतो, त्यामुळे तिला सुरुवात कुठे आणि शेवट कुठे याची घाई नसते. स्वतः काढणाऱ्याची रेषा विचार करत जाते. खांद्यावर जोर येतो, कापडाच्या टोकाला ती निसटते, बोटांपाशी बारीक होऊन थांबते. बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये होकुसाईच्या न छापलेल्या हानशितांचा मोठा संच तीन भागांत आहे आणि तो २०१६ मध्ये पुस्तकरूपानं छापला गेला. त्यामुळे ताडून पाहायला आता भक्कम साधन आहे. त्याचं एकच चित्र घेऊन ‘हा हात त्याचाच का’ असं विचारणं आणि शेकडो चित्रं शेजारी मांडून विचारणं यात फार अंतर आहे.

माझं मत विचाराल तर मी निर्णयाबद्दल क्लार्क यांच्या बाजूचा आहे, पण ‘एकट्या होकुसाईच्या हातचं मूळ’ या शब्दांवर फार भार टाकू नये असं मला वाटतं. युरोपात ‘ड्रॉइंग’ म्हटलं की चित्रकाराच्या मनाचा खाजगी कोपरा डोळ्यांसमोर येतो. हानशिता तसं नाही. ते दुसऱ्या माणसाला दिलेलं काम आहे. त्यातली प्रत्येक रेषा होरिशीला उद्देशून आहे: इथे काप, इथे सोड, हे टोक तीक्ष्ण ठेव. ते काचेआड एकटं टांगलं की त्याचा समोरचा माणूस नाहीसा होतो. प्रदर्शनाच्या भिंतीवर ‘उत्कृष्ट कलाकृती’ म्हणून त्याकडे पाहताना मला ते कुणाचं तरी पत्र वाटतं, टपालात अडकून राहिलेलं.

का थांबलं

पुस्तक का निघालं नाही याची नोंद मागे राहिलेली नाही. पण असं थांबणं कसं घडायचं हे होकुसाईच्याच दुसऱ्या एका कामातून चांगलं कळतं. म्हणून थोडं तिकडे.

१८३५ च्या सुमाराला त्यानं ‘शंभर कवी, एकेक कविता’ या जुन्या संग्रहावर मोठी रंगीत चित्रमालिका घेतली. कल्पना अशी की एक दाई मुलांना या कविता चित्रांतून समजावून सांगते आहे, आणि तिच्या भाबड्या समजुतीमुळे अर्थ गमतीदार वळणं घेतो. शंभर चित्रं व्हायची होती. छापून निघाली २७. सुरुवातीच्या प्रकाशकाकडून मालिका मध्येच दुसऱ्या प्रकाशकाकडे गेली आणि तिथेही बंद पडली. काळ तेन्पो दुष्काळाचा, १८३३ ते १८३७. तांदूळ महाग झाला की रंगीत चित्रं कोण घेणार? पण होकुसाई काढत राहिला होता. त्या न छापलेल्या चित्रांची डझनावारी हानशितं शिल्लक आहेत, त्यांतली मोठी संख्या वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत. म्हणजे एकाच मालिकेचा एक भाग छापात आहे आणि दुसरा कागदावर. छापलेल्या २७ चित्रांची हानशितं गेली, उरलेल्यांची राहिली. एकाच मालिकेत हा नियम इतका स्पष्ट दिसावा असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

प्रकाशकाच्या बाजूनंही पाहायला हवं. चित्र हातात आलं की त्याचा खर्च सुरू व्हायचा. कोरणाऱ्याची मजुरी, चेरीच्या फळ्या, कागद, छपाई. १७९० च्या सुधारणांनंतर छपाईवर सरकारी नजर आली होती आणि सुट्या चित्रांचं हानशिता कोरण्याआधी तपासनिसाकडे न्यावं लागे. तिथे शिक्का मिळाला तरच पुढे. १८४२ मध्ये तेन्पो सुधारणांनी हा फास आणखी आवळला. महाचित्रग्रंथासारखं पुस्तक म्हणजे शंभरावर बारीक चित्रं, म्हणजे तितकंच बारीक कोरकाम, आणि वाचक कोण मिळेल याचा भरवसा नाही. अशा कामाची चित्रं प्रकाशकाच्या फडताळात राहणं मला मुळीच आश्चर्याचं वाटत नाही. खरं आश्चर्य हे, की ती नंतर कुणी फेकली नाहीत.

ती पोचली आंरी वेव्हेर यांच्याकडे. वेव्हेर पॅरिसमधले नामांकित जवाहिरे, १८५४ ते १९४२. जपानी छापचित्रं त्यांनी हजारोंनी जमवली. त्यातली सुमारे ८,००० कोजिरो मात्सुकाता या जपानी उद्योगपतीनं घेतली आणि ती आज टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांच्या संग्रहातली इराणी आणि मुघल लघुचित्रं वॉशिंग्टनला गेली. ही लाकडी पेटी मात्र मागे राहिली, १९४८ मध्ये विकली गेली आणि २०१९ पर्यंत गप्प बसली.

विरूढक, दोन वेळा

शेवटी एका चित्रापाशी. १०३ चित्रांतलं विरूढकाचं चित्र: शाक्यांचा संहार केलेल्या राजावर वीज कोसळते आणि तो मरतो. पाली परंपरेत तो अचिरवती नदीच्या पुरात बुडतो. जपानात पोचलेल्या कथेत त्याच्यावर आकाशातून आग पडते. होकुसाईनं ही वीज एखाद्या वाकड्यातिकड्या रेघेनं काढलेली नाही. एका बिंदूपासून चारी बाजूंना सरळ रेषा सुटतात आणि त्या स्फोटात राजा उलटापालटा फेकला जातो.

हाच प्रसंग त्यानं पुन्हा काढला, आणि या वेळी तो कोरला आणि छापला गेला. १८४५ मध्ये ‘शाका गोइचिदाइकी झुए’ हे बुद्धचरित्र सहा खंडांत निघालं. मजकूर यामादा इसाईचा, चित्रं होकुसाईची. तेव्हा तो ८५ वर्षांचा होता. तिथे राजवाड्यात विरूढकावर वीज पडते, आणि पुन्हा त्याच किरणांसारख्या रेषा पान फोडून बाहेर येतात.

दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की पहिल्यांदा साम्य दिसतं. मग हळूहळू त्या सरळ रेषांकडे लक्ष जातं. हानशितात त्या कुंचल्याच्या आहेत. सुरुवातीला शाई दाट, टोकाकडे विरत गेलेली, आणि जवळून पाहिलं तर एखादी किंचित थरथरलेली. छापात त्याच जातीच्या रेषांच्या कडा दोन्ही बाजूंनी स्वच्छ आहेत, कारण तिथे प्रत्येक रेषेला दोन काप गेले आहेत, शेजारच्या रेषेला पुन्हा दोन, आणि त्या जिथे एकत्र येतात तिथे लाकूड तुटू न देता सुरी थांबली आहे. कागदावर विजेचा पांढरा उजेड म्हणजे शाई न लागलेली जागा. ठशावर तो उजेड म्हणजे होरिशीनं खणून काढलेलं लाकूड.

त्या १८४५ च्या पानाचं हानशिता अर्थातच शिल्लक नाही.